रस्त्याच्या कडेला उभं राहून सायकल शर्यतीचा टप्पा कसा पाहावा: तयारी, जागा, वेळ आणि नेहमी होणाऱ्या चुका

टूर द फ्रान्स, इटलीची जिरो किंवा स्पेनची व्हुएल्टा प्रत्यक्ष पाहून आलेल्या बऱ्याच जणांची तक्रार एकच असते: पाच-सहा तास उन्हात उभे राहिलो आणि पंधरा सेकंदांत सगळं संपलं. हा दोष शर्यतीचा नसतो. कुणाचा टप्पा चुकलेला असतो, कुणाची जागा. बाकीचे पहिला घोळका गेला की पिशवी आवरायला लागतात आणि मागून येणारी निम्मी शर्यत त्यांच्या पाठीमागून निघून जाते.

खाली दिलेला क्रम तसाच पाळा. आधी मुक्काम ठरवून मग जवळचा टप्पा शोधायला गेलं, की पुढचं सगळं तडजोडीचं होतं.

## १. आधी टप्पा निवडा

मोठ्या शर्यतीत २१ टप्पे असतात, पण रस्त्याकडेच्या प्रेक्षकासाठी ते सगळे सारखे नसतात.

सपाट टप्पा. घोळका ताशी ४५ किलोमीटरने चालला असेल तर तो दर सेकंदाला साडेबारा मीटर पुढे सरकतो. पावणेदोनशे स्वारांचा घट्ट घोळका साधारण दोनशे मीटर लांब धरला, तर तो तुमच्यासमोरून सोळा सेकंदांत जातो. रंगांचा एक झोत, वाऱ्याचा धक्का आणि साखळ्यांची घरघर, एवढंच हाती लागतं. पहिल्यांदाच जाणाऱ्याने फक्त सपाट टप्पा पाहू नये, असं आमचं स्पष्ट मत आहे. अपवाद एकच: शेवटी गोल फेऱ्या असतील तर तोच घोळका अनेकदा समोरून जातो आणि दिवस सार्थकी लागतो.

घाटाचा टप्पा. चढावर वेग ताशी १५ ते २२ किलोमीटरवर येतो, घोळका फुटतो आणि स्वार एकेकटे किंवा छोट्या टोळ्यांनी येतात. कठीण टप्प्यात पहिला आणि शेवटचा यांच्यात अर्ध्या तासाहून जास्त अंतर पडू शकतं. चेहरे दिसतात, श्वास ऐकू येतो, कोण मोडला आणि कोण अजून ताजा आहे ते कळतं. मात्र पोहोचण्याचे आणि परतण्याचे कष्ट सर्वांत जास्त इथेच.

टाइम ट्रायल. एकेक स्वार ठरावीक अंतराने, बहुधा एकेका मिनिटाने, सुटतो. एकूण क्रमवारीत मागे असलेले आधी आणि आघाडीचे शेवटी, त्यांच्यातलं अंतर बऱ्याचदा दोन मिनिटांचं. तीन-चार तास सतत कुणी ना कुणी समोरून जात राहतं. मुलांना किंवा वयस्कांना घेऊन जायचं असेल तर हा टप्पा सर्वांत सोयीचा. लोक त्याला उगाच कमी लेखतात.

> तपासा: टप्प्याचा उंचीचा आलेख पाहा. घाट टप्प्याच्या मध्यावर आहे की शेवटी? मध्यावरच्या घाटात घोळका अनेकदा एकत्रच जातो. खरी फाटाफूट शेवटच्या घाटात होते.

## २. वेळापत्रक नीट वाचा

आयोजक प्रत्येक टप्प्याचं वेळापत्रक प्रसिद्ध करतात. त्यात गावं, घाटमाथे, वळणाचे चौक आणि त्यांसमोर वेळा असतात. सर्वाधिक चुका हे वाचताना होतात.

पहिली चूक सुरुवातीच्या वेळेची. सुरुवाती दोन असतात. गावातून निघतात ती नुसती मिरवणूक, तिला वेळ मोजणी नसते. स्वार संचालकाच्या गाडीमागून सावकाश जातात. शून्य किलोमीटरवर गाडीतून झेंडा हलला की खरी शर्यत सुरू होते. सगळी किलोमीटरची गणितं या दुसऱ्या वेळेपासून करायची.

दुसरी चूक स्तंभांची. एकाच जागेसमोर बहुधा तीन वेळा दिलेल्या असतात: मंद, मध्यम आणि जलद सरासरी वेगासाठी. समजा खरी सुरुवात दुपारी १ वाजता आहे आणि तुमची जागा १२० व्या किलोमीटरवर आहे. ताशी ४० ने स्वार ४ वाजता येतील, ताशी ४४ ने ३ वाजून ४४ मिनिटांनी. सोळा मिनिटांचा फरक झाला. पाठीवर वारा असला किंवा पहिल्या तासात घोळक्यातून पुढे पळून जाण्याची झटापट रंगली, तर शर्यत सर्वांत जलद स्तंभाच्याही आधी पोहोचते. म्हणून नेहमी जलद स्तंभ धरा आणि त्याच्या किमान एक तास आधी जागेवर उभे राहा.

तिसरी चूक जाहिरातींच्या ताफ्याची. टूर द फ्रान्समध्ये प्रायोजकांच्या सजवलेल्या गाड्यांची रांग स्वारांच्या दीड-दोन तास आधी जाते. तिचा स्तंभ वेगळा असतो. ती गेली म्हणजे शर्यत येऊन गेली, असं समजून परत फिरणारे लोक दरवर्षी दिसतात.

## ३. नेमकी जागा नकाशावर पक्की करा

घाट ठरला म्हणजे जागा ठरली असं नाही. आल्प द्युएझचंच घ्या. १३.८ किलोमीटरचा चढ, सरासरी सुमारे ८ टक्के, २१ नागमोडी वळणं. तळाशी उभे राहिलात तर घोळका अजून बराचसा एकत्र असतो. चढाचे तीन-चार किलोमीटर होऊन गेल्यावरची जागा धरा. माथ्याजवळच्या शेवटच्या किलोमीटरमध्ये दोन्ही बाजूंनी बॅरिकेड असतात, गर्दी चार-पाच रांगांची होते आणि पाच तास आधी आलात तरी पुढची रांग मिळेलच असं नाही. घाटाचा मधला तिसरा हिस्सा बहुधा उत्तम.

त्यातही नागमोडी वळणाच्या वरच्या बाजूला, जिथून खालचा रस्ता दिसतो अशी टेकाडाची कड शोधा. तिथून स्वार खालच्या पट्ट्यात दिसतात, मग वळणात, मग तुमच्या समोर. एका जागेवरून तीनदा शर्यत पाहता येते आणि ते येत असल्याची पूर्वसूचनाही मिळते.

टाळायच्या जागा, कारणांसकट:

- उतारावरच्या वळणाची बाहेरची बाजू. उतारावर वेग ताशी ८० च्या पुढे जातो. ज्याचा अंदाज चुकतो तो सरळ बाहेरच्या बाजूला फेकला जातो, म्हणजे तुमच्या अंगावर. उतारावर उभं राहूच नका. तसंही तिथे काही दिसत नाही.
- वाहतूक बेट आणि गोल चौकाचा मधला भाग. घोळका दुभंगून दोन्ही बाजूंनी जातो. मार्शल पिवळा झेंडा आणि शिट्टी घेऊन तिथे उभा असतो, कारण मागच्या स्वारांना पुढचं बेट दिसतच नाही. त्याच्या शेजारी उभं राहून त्याला झाकू नका.
- बोळासारखे अरुंद पूल आणि भिंतीला लागून असलेले रस्ते. मागे सरकायला जागा नसेल तर ती जागा तुमच्यासाठी नाही.
- खाद्यपिशव्या देण्याचा पट्टा. संघांचे मदतनीस हात लांब करून पिशव्या देतात. त्यांच्या लगेच पुढे उभे राहिलात तर एका हाताने सायकल धरलेल्या, पिशवी गळ्यात अडकवणाऱ्या स्वाराच्या वाटेत येता.

स्वारांच्या रिकाम्या बाटल्या आठवण म्हणून जमवणाऱ्यांनी कचरा टाकण्याचे ठरवून दिलेले पट्टे शोधावेत. २०२१ पासून स्वारांना वाटेल तिथे बाटल्या किंवा वेष्टनं टाकायला मनाई आहे. नियम मोडला तर दंड होतो, त्यामुळे रिकाम्या बाटल्या मुख्यतः या पट्ट्यांमध्ये पडतात.

वाऱ्याचा विचार. उघड्या माळरानावरच्या टप्प्यात ही गोष्ट जवळजवळ कुणी पाहत नाही. वारा आडवा, समजा डावीकडून वाहत असेल, तर स्वार एकमेकांच्या आडोशासाठी तिरक्या रांगा करतात आणि आडोसा न मिळालेले सगळे उजव्या कडेला चिकटून, डांबराच्या अगदी काठावरून जातात. मान खाली, नजर पुढच्याच्या चाकावर. त्या काठावर तुमचा पाय किंवा खुर्चीचा पाय असेल तर तो त्यांना दिसणार नाही. अशा दिवशी वारा ज्या बाजूने येतो त्या बाजूला थांबा. पूर्ण रुंदीची तिरकी रांग लागली तर दोन्ही काठ वापरले जातात, म्हणून तिथेही काठापासून दोन पावलं मागे.

> सावधान: डोंगरमाथ्यावर सोसाट्याचा वारा सुटला तर शेवटची रेषाच हलू शकते. १४ जुलै २०१६ ला माँ व्हाँटूवर वाऱ्यामुळे टप्पा माथ्याच्या सहा किलोमीटर आधी संपवावा लागला. वरची गर्दी खाली उतरली, रस्ता इतका आवळला गेला की मोटरसायकल अडली आणि रिची पोर्ट तिच्यावर आदळला. एकूण आघाडीवरच्या स्वाराच्या पिवळ्या जर्सीतला क्रिस फ्रूम काही अंतर सायकलशिवाय पळत गेला. हवामान बिघडलं की गर्दीच्या मागच्या रांगेत सरका, पुढच्या नव्हे.

## ४. रस्ता बंद होण्याआधी पोहोचा

बंदची वेळ आणि शर्यतीची वेळ यांत तासांचा फरक असतो. सपाट रस्ते काही तास आधी बंद होतात; प्रसिद्ध घाटांवर गाड्यांना सकाळीच, कधी आदल्या दिवसापासून बंदी असते. ही वेळ स्थानिक प्रशासन जाहीर करतं, शर्यतीच्या वेळापत्रकात ती असेलच असं नाही. दोन्ही ठिकाणी पाहा.

चालत जायचं असेल तर हिशेब चढाचा करा. ८ टक्क्यांच्या चढावर पाठीवर सामान घेऊन ताशी तीन-साडेतीन किलोमीटर हा धड वेग आहे. चार किलोमीटर म्हणजे सव्वा तास आणि ३२० मीटरची चढण. मध्ये थांबे धरून दीड तास मोजा.

सायकलने जाणं चांगलं, पण पोलीस एका क्षणी सायकलवाल्यांनाही उतरायला लावतात आणि नंतर चालूही देत नाहीत. ती वेळ घाटागणिक, पोलिसागणिक बदलते. माथ्यापासून दोन किलोमीटर खाली अडवलं तर तिथेच चांगली जागा आहे का, हे आधी नकाशावर पाहून ठेवा.

गाडी उभी करताना तिचं तोंड परतीच्या दिशेने ठेवा आणि शर्यतीच्या मार्गावर उभी करू नका. मार्गावरच्या गाड्या उचलल्या जातात.

> तपासा: शर्यत ज्या रस्त्याने येते त्याच रस्त्याने तुम्हाला परतायचं आहे का? तसं असेल तर शेवटची गाडी गेल्यानंतरही तासभर किंवा जास्त अडकाल. घाटाच्या दुसऱ्या बाजूने किंवा आडवाटेने निघता येईल अशी जागा बरी.

## ५. पिशवीत काय घ्यायचं

पाच-सहा तास थांबायचं आहे हे गृहीत धरा. माणशी दोन ते तीन लिटर पाणी, पोटभरीचं खाणं, टोपी, उन्हाचं मलम. उंचीवर हजार मीटरला साधारण सहा अंशांनी तापमान घसरतं. तुर्माले घाटाचा माथा २,११५ मीटरवर आहे, तेव्हा खाली उकडत असलं तरी वरच्यासाठी एक जाड थर आणि पावसाचं जाकीट हवंच. कचऱ्याची पिशवी. स्वारांच्या क्रमांकांची छापील यादी. बाहेरून चार्ज करायची बॅटरी.

हजारो लोक एका घाटात जमले की मोबाइलचं नेटवर्क कोलमडतं. नकाशा आधीच उतरवून ठेवा, सोबत्यांशी भेटण्याची जागा आणि वेळ तोंडी ठरवून ठेवा. बॅटरीवरचा छोटा रेडिओ अजूनही कामाला येतो.

काय आणू नये: मोकळा सोडलेला कुत्रा, धुराच्या नळकांड्या, लांब काठीचा झेंडा, खांद्यावर लोंबणारे पट्टे. पट्ट्यांबद्दल पुढे सांगतो.

## ६. बाजू ठरवा आणि तिथेच राहा

आल्यावर पहिलं काम: रस्त्याची एक बाजू निवडा. सगळी मंडळी, सगळं सामान त्याच बाजूला. कुटुंब दोन बाजूंना विभागलं की ऐन वेळी कुणीतरी पलीकडे धावतं, बहुतेक वेळा मूल.

जाहिरातींचा ताफा येतो तेव्हा टोप्या, किल्ल्यांच्या साखळ्या, खाऊची पाकिटं फेकली जातात. गाड्या वेगात असतात आणि थांबत नाहीत. रस्त्यावर पडलेली वस्तू ताफा पूर्ण जाईपर्यंत तिथेच राहू द्या. लहान मुलांना हाताला धरून, मोठ्या माणसाच्या मागे उभं करा. वस्तू मोठ्याने उचलून द्यावी.

ताफा आणि स्वार यांच्यामध्ये तासाभराचा मोकळा वेळ मिळतो. खाणं, स्वच्छतागृह, जागा पुन्हा तपासणं याच वेळात उरकून घ्या.

## ७. शर्यत येते तेव्हा

येण्याचा क्रम साधारण असा: पोलिसांच्या मोटरसायकली, मग अधिकाऱ्यांच्या गाड्या, मग संचालकाची लाल गाडी. आकाशात हेलिकॉप्टर. डोंगरात त्याचा आवाज दरीपलीकडूनही येतो, त्यामुळे नुसत्या आवाजावरून वेळेचा अंदाज बांधू नका. मोटरसायकली आणि शिट्ट्यांचा वेग वाढला म्हणजे स्वार खरंच जवळ आले. त्यांच्या पुढे-मागे पाटी घेतलेला मोटरसायकलस्वार दिसतो. त्या पाटीवर आघाडीची टोळी आणि घोळका यांच्यातलं अंतर मिनिट-सेकंदांत लिहिलेलं असतं.

आता शरीर कसं ठेवायचं ते. दोन्ही पाय डांबराच्या बाहेर. नजर स्वार येतात त्या दिशेला, अखंड. हात कोपरातून दुमडलेले. पुढच्याने पाऊल पुढे टाकलं म्हणून मागच्याने टाकायचं नाही. गर्दी अशीच इंचाइंचाने रस्ता खाते आणि सहा मीटरच्या रस्त्याची दीड मीटरची गल्ली होते.

या सूचना कुणाला अतिरेकी वाटतील, म्हणून ही उदाहरणं.

२०२१ च्या टूरच्या पहिल्याच टप्प्यात एक प्रेक्षक पुठ्ठ्याची पाटी टीव्ही कॅमेऱ्याकडे धरून, स्वारांकडे पाठ करून उभी होती. टोनी मार्टिन त्या पाटीवर आदळला आणि त्याच्यामागे घोळक्याचा मोठा भाग कोसळला. २०१८ मध्ये आल्प द्युएझवर व्हिन्चेन्झो निबाली प्रेक्षकाच्या वस्तूत अडकून पडला. पट्टा हॅंडलला गुंतल्याचं सांगितलं गेलं. त्याच्या मणक्याचं हाड मोडलं आणि शर्यत सुटली. २०२३ च्या पंधराव्या टप्प्यात फोन घेऊन पुढे आलेल्या हातामुळे सेप कुस पडला आणि पाठोपाठ अनेकजण. तिन्ही प्रेक्षक शर्यतीवर प्रेम करणारेच होते. चुकलं ते एवढंच, की स्वार किती जवळ आलाय याचा त्यांना अंदाज नव्हता.

हा अंदाज फोनमुळे हमखास बिघडतो. फोनची रुंद भिंग समोरची वस्तू आहे त्यापेक्षा लांब दाखवते. पडद्यावर दहा मीटरवर दिसणारा स्वार प्रत्यक्षात तुमच्या कोपरापाशी असतो. त्यामुळे:

- फोन छातीजवळ धरा, हात लांब करून नको. पडद्याकडे नव्हे, रस्त्याकडे पाहा.
- पाठ वळवून सेल्फी कधीच नाही.
- कॅमेऱ्याचा पट्टा मनगटाला गुंडाळा. झेंडा पाठीवर पांघरला असेल तर टोकं बांधून टाका. घोळक्याने येणारा वारा ती टोकं थेट रस्त्यात उडवतो.
- नेमकं चित्र हवं असेल तर चढावर १/१००० सेकंदाच्या आसपास शटर ठेवा आणि रस्त्यावरची एक जागा आधीच फोकस करून ठेवा.

स्वाराशेजारून पळू नका. त्याला ढकलू नका. वारंवार ढकललं गेल्याबद्दल दंड स्वारालाच होऊ शकतो. अंगावर पाणी ओतायचा मोह आवरा. त्याने स्वतः मागितलं तरच द्यायचं.

> सावधान: आघाडीचे स्वार गेल्यावर लगेच त्यांच्या संघांच्या गाड्या येतात. रस्त्यावरचे सर्वाधिक बेफाम चालक हेच, कारण त्यांना पुढच्याला गाठायचं असतं. स्वार दिसत नाही म्हणजे रस्ता मोकळा आहे असं नाही.

## ८. कोण गेलं ते कसं ओळखायचं

क्रमांक पुढून दिसत नाही. तो पाठीच्या खालच्या भागावर दोन ठिकाणी लावलेला असतो आणि आसनाखाली छोट्या पट्टीवर. म्हणून स्वार येताना जर्सीचा रंग पाहा आणि समोरून गेल्यावर मान वळवून पाठ वाचा. ही सवय दुसऱ्या-तिसऱ्या टोळीपर्यंत लागते.

संघात आठ स्वार असतात आणि प्रत्येक संघाचे क्रमांक दहाच्या एका गटात येतात (१ ते ८, ११ ते १८ असे). १ ने संपणारा क्रमांक बहुधा संघनायकाचा. गतविजेता खेळत असेल तर १ क्रमांक त्याचा. जर्सींच्या बाबतीत शर्यतींची गल्लत होते: एकूण आघाडीवर असणारा टूरमध्ये पिवळ्या, जिरोमध्ये गुलाबी आणि व्हुएल्टात लाल जर्सीत असतो. टूरमध्ये पांढऱ्यावर लाल ठिपके घाटांच्या राजाचे, हिरवी गुणांची, पांढरी तरुणांची. एकच स्वार दोन क्रमवारींत पहिला असेल तर त्याच्या अंगावर मोठी जर्सी असते आणि दुसरी खालच्या क्रमांकाचा वापरतो.

अंतर स्वतः मोजा, फार सोपं आहे. समोरचा एक खांब धरा. पहिला स्वार तो ओलांडतो तेव्हा फोनचं स्टॉपवॉच सुरू, पुढच्या टोळीचा पहिला ओलांडेल तेव्हा नोंद. नेटवर्क नसतानाही शर्यतीची खरी स्थिती तुमच्या हातात असते. दहा मिनिटांनी आवडता स्वार आला नाही तर काय झालं हे शेजाऱ्याला विचारावं लागत नाही.

## ९. शेवटची गाडी जाईपर्यंत हलू नका

घाटात पहिले दहा-पंधरा स्वार गेले की खाली उतरणाऱ्यांची रांग लागते. त्या वेळी निम्म्याहून जास्त स्वार अजून खालीच असतात. सर्वांत शेवटी येतो स्प्रिंटरांचा (सपाटीवर शेवटी वेग घेणाऱ्यांचा) आणि संघनायकासाठी राबून थकलेल्या स्वारांचा मोठा गट. विजेत्याच्या वेळेच्या ठरावीक टक्क्यांत रेषा गाठली नाही तर दुसऱ्या दिवशी सुरुवात करता येत नाही, म्हणून ते सगळे एकमेकांना धरून, एका लयीत चढत असतात. त्यांच्यापैकी कुणी डोळे वर करून तुमच्याकडे पाहील. तिथे उरलेल्या मोजक्या लोकांची टाळी त्याला खरंच ऐकू जाते.

त्यांच्यामागे रुग्णवाहिका, मग शर्यत सोडणाऱ्यांना घेणारी गाडी आणि शेवटी शर्यत संपल्याचं दाखवणारं पोलिसांचं वाहन. ते गेलं की रस्ता तुमचा. पण एक अपवाद लक्षात ठेवा. टप्पा घाटमाथ्यावर संपत असेल तर स्वार जाकीट चढवून, गळ्यात शिट्टी अडकवून त्याच रस्त्याने सायकलवरून खाली आपल्या बसकडे येतात. खाली उतरणारी गर्दी त्यांच्या वाटेत पसरलेली असते आणि ते वेगात असतात. एका कडेने, एका रांगेत चाला. मागून शिट्टी ऐकू आली तर थांबा, बाजू बदलू नका. स्वतः सायकलवर असाल तर ब्रेक पुन्हापुन्हा सोडून द्या म्हणजे रिम तापणार नाहीत, आणि गर्दी दाट झाली की उतरून चाला.